विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



कार्यक्रम पत्रिकेत माझे नाव चौथे होते. सत्कार वाढत गेले, हार-शाली वाढत गेल्या आणि मी आता नवव्या नंबरला उभा आहे. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटांत आटोपा. मी रागावलेलो नाही. उलट माझे काम सोपे झाले, कारण मला बोलायचे आहे ते याच गोष्टीवर. कोणाला कधी बोलायला मिळणार, कोणता विषय आधी आणि कोणता मागून, हे कोण ठरवतो? (दहा मिनिटांत जे राहून गेले ते स्मरणिकेसाठी लिहून देताना भरून काढले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

मी वकील नाही, प्राध्यापक नाही. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या गेटवर, युनियनच्या कचेरीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. आज सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. त्याआधी एका कापड गिरणीत चार वर्षे बदली कामगार होतो. आताच्या पोरांना बदली म्हणजे काय ते ठाऊक नसेल म्हणून सांगतो. रोज भोंग्याच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभे राहायचे. कायम कामगारांपैकी जे आले नाहीत त्यांच्या जागी मुकादम एकेकाचे नाव पुकारायचा. नाव आले तर त्या दिवसाचा पगार. नाही आले तर भाकरीचा डबा तसाच परत घरी. त्या चार वर्षांत "तुला कामावरून काढले" असे मला कोणी एकदाही म्हणाले नाही. रजिस्टरात नाव होते, कार्डावर शिक्का होता. फक्त हाक येत नव्हती. घरी विचारलं तर काय सांगणार? काढलं नाही, पण काम बी नाही.

हे मनात ठेवा. संसदेत बिलांचे पण असेच असते.

आपण टीव्हीवर बघतो तो सभागृहातला आरडाओरडा. पण सभागृह भरायच्या आधी एका कागदावर त्या दिवसाचे काम छापलेले असते. लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास, त्यानंतर शून्य प्रहर, मग बिले आणि चर्चा. कोणत्या बिलाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समितीत ठरते. लोकसभेत ही समिती १९५२ सालापासून आहे. सभापती धरून पंधरा माणसे, सभापतीच तिचे अध्यक्ष. आपल्या विधानसभेतही अशीच समिती असते. कोणते सरकारी काम आधी आणायचे हे मात्र सरकार ठरवते. मंत्री नसलेल्या साध्या खासदाराने आणलेल्या बिलासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. आता शुक्रवारी संध्याकाळी गावाकडे जायची गाडी कोण चुकवतो? स्वातंत्र्यानंतर अशा खासगी बिलांपैकी आजवर चौदाच बिलांचा कायदा झाला आणि त्यातला शेवटचा १९७० सालचा आहे. बाकीची बिले कोणी हरवली नाहीत. त्यांना हाक आली नाही.

सरकारला घाईच असेल तर वेळ कसा मिळतो तेही बघा. अर्थसंकल्पाच्या वेळी एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी ज्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा झालीच नाही त्या सगळ्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात, मान कापायच्या यंत्राचे नाव आहे ते. १४ मार्च २०१८ ला लोकसभेत गोंधळ चालू असताना सगळ्या खात्यांच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. २९ नोव्हेंबर २०२१ ला तीन शेती कायदे रद्द करणारे बिल एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय पास झाले. कायदे रद्द झाले याचा आनंद मलाही झाला, पण ज्या कायद्यांसाठी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले त्यावर सभागृहात पाच शब्द बोलायला नकोत काय? तेव्हा "वेळ नाही" हे उत्तर मी आता लगेच मान्य करत नाही. कोणासाठी नाही, असे विचारतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. त्यातला चौदावा खंड दोन भागांत आहे, आणि तो सगळाच्या सगळा हिंदू कोड बिलावर आहे. इंग्रजी. मी डिक्शनरी घेऊन बसायचो, रात्रपाळी संपल्यावर रोज एक-दोन पाने. सगळे समजले असे म्हणणार नाही. पण राजीनाम्याचे निवेदन मी इतक्या वेळा वाचले की त्यातल्या तारखा पाठ झाल्या आहेत.

आपण भाषणात म्हणतो, बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी मंत्रिपदावर लाथ मारली. बरोबर आहे. राजीनाम्याचे ते एकमेव कारण नव्हते हेही सांगितले पाहिजे. अस्पृश्यांकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, काश्मीर, आपल्याला कामाची खाती दिली नाहीत, हेही त्या निवेदनात आहे. पण हिंदू कोड बिलाचा भाग वाचला की एक गोष्ट दिसते. बिल मतदानात पडले, अशी त्यांची तक्रारच नाही. ते कॅलेंडर समोर मांडतात. मुकादमाच्या हजेरी बुकासारखा तो हिशेब आहे.

तो असा. बिल सभागृहात आले ११ एप्रिल १९४७ ला. प्रवर समितीकडे जायला एक वर्ष लागले, ९ एप्रिल १९४८. समितीने काम चार महिन्यांत केले, १२ ऑगस्ट १९४८ ला अहवाल आला. ३१ ऑगस्टला बाबासाहेबांनी तो विचारात घ्यावा असा प्रस्ताव मांडला. बस्स, मांडला. चर्चा थेट १९४९ च्या फेब्रुवारीत. तीही सलग नाही. फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन, मग डिसेंबरात एक, १९ डिसेंबर, ज्या दिवशी प्रस्ताव मान्य झाला. १९५० साली एकही दिवस नाही. १९५१ च्या फेब्रुवारीत ५, ६ आणि ७ तारीख, तीन दिवस. पुन्हा सामसूम. मी बेरीज केली. प्रस्ताव मांडल्यानंतरच्या तीन वर्षांत त्यांच्या हिशेबाने अकरा दिवस होतात.

गिरणीत सूत तुटले तर लगेच जोडतात. दहा महिन्यांनी जोडायला गेलात तर टोकच सापडत नाही. चर्चेचेही तसेच. फेब्रुवारीत कोण काय बोलला हे डिसेंबरात कोणाच्या ध्यानात राहणार? दरवेळी गाडी पहिल्या स्टेशनापासून.

१९५१ चा उन्हाळा संपला तेव्हा बाबासाहेबांची तब्येत ढासळलेली होती. १० ऑगस्टला त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले की हे बिल १६ ऑगस्टला घ्या आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवा. आजारी माणूस स्वतःसाठी काही मागत नव्हता, सभागृहाच्या पंधरा दिवसांची तारीख मागत होता. बिल घेतले गेले १७ सप्टेंबरला. (याच तारखेला, १७ सप्टेंबर १९३७ ला, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले होते. तेही संमत झाले नाही. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन विधिमंडळावर गेले, तरी खोती कायद्याने जायला १९४९ चा कायदा यावा लागला.) मग पंतप्रधानांनी सांगितले की सगळे बिल होणार नाही, विवाह आणि घटस्फोटाचा भागच घेऊ. बाबासाहेबांनी मन मारून मान्य केले. आणखी दोन-तीन दिवसांनी, तोही भाग सोडून देऊ. चार वर्षांत चार कलमे पास झाली होती.

त्यांनी या वेळेच्या कारणावर विश्वास ठेवला नाही, आणि का नाही तेही सांगितले. बनारस आणि अलिगड विद्यापीठांची बिले, वृत्तपत्रांचे बिल यांना वेळ होता. त्या विद्यापीठांना कायदा आधीपासून होताच, ती बिले थांबली असती तर काही बिघडत नव्हते. दुसरी गोष्ट तर फार बारीक आहे. पक्षाने सदस्यांना मतदानाचे स्वातंत्र्य दिले होते. बाबासाहेब म्हणाले, माझी हरकत नाही. पण भाषणांना वेळेची मर्यादा घालणारा आदेश काढायला काय हरकत होती? एकेका कलमावर तासन् तास, दिवसच्या दिवस भाषणे चालली. चर्चा पुरे, आता मत घ्या, असा प्रस्ताव आणणे हे मुख्य प्रतोदाचे काम. आणि तेच गृहस्थ हे बिल निघाले की सभागृहात नसायचे. मत कोणीकडेही द्या, पण घड्याळ चालू ठेवा, एवढेच मागणे होते.

विरोधकांच्या बाजूचा एक मुद्दा न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. ती संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, निवडणूक तोंडावर होती, एवढा मोठा कायदा नव्या संसदेने करावा असे म्हणणारे होते. मुद्दा टाकाऊ नाही. पण मग तो १९४७ मध्येच सांगायचा. गेटवर चार वर्षे उभे करून पाचव्या वर्षी "तुझे कार्डच चुकीचे आहे" म्हणायचे नसते.

१९५० साली एकही दिवस नाही, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचे कारण आपले सोलापूर आहे. त्या साली संसदेत सोलापूरला वेळ मिळाला होता! सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ च्या ऑगस्टात बंद पडली. ९ जानेवारी १९५० ला तिचा कारभार सरकारकडे घेण्याचा वटहुकूम निघाला. १० एप्रिल १९५० पर्यंत त्याचा कायदा झालेला होता. एका गावातली एक गिरणी, तिच्यासाठी स्वतंत्र कायदा, तीन महिन्यांत. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले, त्या खटल्याचा निकालही त्याच वर्षी डिसेंबरात लागला. वकिलीच्या कॉलेजात तो आजही शिकवतात.

माझे आजोबा त्या जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. आजी त्याच मिलच्या रीळ खात्यात होती. गिरणी बंद होती त्या महिन्यांत घरात काय शिजायचे ते आजी सांगायची. तेव्हा संसदेने आमच्या गिरणीला वेळ दिला हे चुकले, असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. दिला ते बरेच केले. मी एवढेच म्हणतो की त्याच सभागृहाला, त्याच साली, तातडी काय असते ते कळत होते. आजोबांची नोकरी तातडीची ठरली. आजीचा हक्क ठरला नाही. एकाच खोलीत राहणारी दोन माणसे होती ती.

कोणी म्हणेल, ते हिंदूंचे बिल, आपल्याला काय त्याचे? आपल्यात काडीमोड पहिल्यापासून होता. होता ना. पण बापाच्या घरात लेकीचा वाटा होता काय? नवऱ्याने दुसरी आणली तर पहिलीने जायचे कुठे? आणि पुढे जे कायदे झाले ते बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहेत. इथे बसलेल्या प्रत्येक बाईला लागू आहेत.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले. आणि तिथेही तारीख-वेळेचाच खेळ. उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार खुर्चीत होते. ते म्हणाले, निवेदन संध्याकाळी सहाला करा आणि त्याची प्रत आधी दाखवा. ज्या माणसाने घटना लिहिली त्याला मंत्रिपद का सोडले हे सांगायला दिवस मावळायची वेळ! बाबासाहेब कागद घेऊन बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना देऊन टाकले. म्हणून ते आपल्याला वाचायला मिळाले. सभागृहाने वेळ दिला नाही, पण छापखान्याने दिला.

नंतर निवडणुका झाल्या आणि पंडित नेहरूंनी तेच काम तुकड्या-तुकड्याने करून घेतले, हे श्रेय त्यांना द्यायला हवे. विवाहाचा कायदा १९५५, वारसाहक्काचा १९५६, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा १९५६. चौथा, दत्तक आणि पोटगीचा, २१ डिसेंबर १९५६ ला झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. पंधरा दिवस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळायला आपल्या महाराष्ट्रात १९९४ आणि साऱ्या देशात २००५ साल उजाडले. आणि महिलांच्या राखीव जागांचे बिल? १२ सप्टेंबर १९९६ ला लोकसभेत आले, २०१० मध्ये राज्यसभेत पास होऊन पुन्हा अडकले, २०२३ च्या सप्टेंबरात दोन्हीकडे पास झाले. सत्तावीस वर्षे. त्यातही लिहून ठेवले की अंमल जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर.

आपण विहारात बसलो आहोत म्हणून अजून एक सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब म्हणाले की संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही, बुद्धांच्या भिक्खूसंघाला ती ठाऊक होती. बसायची व्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, सगळ्याचे नियम होते. ते हे बोलत होते तेव्हा त्यांचे स्वतःचे बिल एप्रिलपासून तटले होते, हे लक्षात घ्या. मी विनयाची मराठी पुस्तके चाळली. संघापुढे काम आणायचे तर आधी ञत्ती, म्हणजे प्रस्ताव मांडायचा. साध्या कामाला तो एकदा विचारायचा, मोठ्या कामाला तीन वेळा. ज्याला मान्य त्याने गप्प राहावे, ज्याला नाही त्याने बोलावे. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घ्यायचे. गैरहजर भिक्खूची संमती मागवायची. मला त्यात आवडले ते हे की प्रत्येक प्रस्तावाला शेवट आहे. हो किंवा नाही, पण शेवट आहे.

आता जे सांगतो ते ऐकताना काही लोक माझ्याकडे रोखून बघतील, बघू द्या. सहा वर्षे मी विहार समितीचा चिटणीस आहे. सभेची विषयपत्रिका मी लिहितो. महिला मंडळाचा एक अर्ज आहे: संध्याकाळी सहा ते नऊ मागची खोली मुलींच्या अभ्यासासाठी उघडी ठेवावी. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू, धाकटी पोरं रडतायत, कोपऱ्यात आई विड्या वळतेय, तिथे दहावीची मुलगी अभ्यास कुठे करणार? मागच्या खोलीत आज मिरवणुकीचे सामान आहे. स्पीकरचे खोके, कमानीचे बांबू.

चौदाव्या खंडातला तो हिशेब वाचल्यावर मला काय सुचले कोण जाणे, मी इतिवृत्ताची वही काढली. सात सभा. सातही वेळा हा अर्ज शेवटून दुसरा, त्याच्याखाली फक्त "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". सातही वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेले: "वेळेअभावी हा विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले." त्यातल्या एका सभेत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा मार्ग आणि साऊंड यावर आपण सव्वादोन तास बोललो होतो. अर्जाला विरोध कोणी केला? एकानेही नाही. विरोध झाला असता तर त्या बाया भांडल्या तरी असत्या.

मुख्य प्रतोदाबद्दल वाचताना मी मनात त्याला शिव्या घातल्या होत्या. वही मिटली तेव्हा कळले की आपल्या विहारातला तो गृहस्थ मीच आहे. मुद्दाम केले नाही. शपथेवर सांगतो, मुद्दाम केले नाही. हाताला सवय होती, बायकांचा विषय खाली जायचा.

मंडळातल्या एक मावशी विडी कामगार आहेत. सातव्या सभेनंतर जिन्यात त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, "दादा, तुमच्या मीटिंगला बसलं की माझ्या दोनशे विड्या बुडतात. खोली द्यायची नसली तर एकदाचं नाही म्हणून टाका की ओ. तारखा कशाला देताय?"

मला उत्तर आले नाही. घरी जाऊन कार्ड शोधले, बदलीचे. अजून आहे माझ्याकडे.

येत्या रविवारी सकाळी दहाला समितीची सभा आहे. नोटीस काल बाहेरच्या फळ्यावर लावली. विषय क्रमांक एक : मागच्या खोलीबाबत महिला मंडळाचा अर्ज, चर्चेला अर्धा तास, त्यानंतर हात वर करून मतदान. मिरवणुकीचा विषय नववा टाकला आहे. त्यावरून आपले तीन-चार कार्यकर्ते माझ्यावर चिडलेत, एकाने तर फळ्यावरचा कागदच काढून नेला. मी दुसरा लावला. अर्जाच्या विरोधात कोणाला बोलायचे असेल तर जरूर यावे, अर्ध्या तासातला वेळ त्यांनाही मिळेल. बायकांनी सगळ्यांनी यावे, दोनशे विड्या बुडाल्या तरी यावे.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे. थांबतो. जयभीम.